एकाच भाषेची मोट

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. पुण्यात तो डेव्हलपर आहे. वेबसाइटी बांधणे हा त्याचा व्यवसाय. बशीतली पहिली चकली मोडता मोडता त्याने विचारले, "सर, आपला शब्दसंग्रह काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही," मी सांगितले. "आठ महिने झाले, मुका होऊन बसलाय."

चकलीचा तुकडा त्याच्या हातातच राहिला. कारण तो शब्दसंग्रह जितका माझा, तितकाच त्याचाही होता.

त्याची हकीकत अशी. २०१६ साली आमच्या मराठी विभागाने मोटेच्या शेतीतले शब्द गोळा करण्याचे काम हाती घेतले. विहिरींवर इंजिने आली, मागोमाग विजेचे पंप आले, मोट गेली आणि तिच्याबरोबर तिचा सारा शब्दपरिवारही निघून चालला. नाडा, सोंदूर, कणा, धाव, थारोळे हे शब्द ज्यांच्या तोंडी अजून होते, ती माणसे सत्तरी-ऐंशीच्या घरातली. आमची मुले गावोगाव हिंडली, म्हाताऱ्यांच्या ओसरीवर बसली आणि अकराशेंवर शब्द, त्यांचे अर्थ आणि बोलण्यातली वाक्ये वह्यांत भरून घेऊन आली. हा विद्यार्थी होता संगणकशास्त्राचा. पण माझ्या तासाला मागच्या बाकावर न चुकता येऊन बसे. "सर, आपण याची वेबसाइट करू. मुंबई-पुण्याला गेलेल्या नातवंडांना आजोबांचे शब्द तिथं वाचता येतील," असे म्हणून महिनाभर रात्री जागून त्याने ती उभी केली. ज्या वृद्ध मोटकरीबाबांनी आम्हांला निम्म्याहून अधिक शब्द सांगितले, त्यांच्या घरी जाऊन मी त्यांना त्यांचेच नाव पडद्यावर दाखवले होते. चष्मा पुसून त्यांनी ते दोनदा वाचले. २०१९ साली ते गेले.

आणि आता ती वेबसाइट उघडत नव्हती. ज्या कंपनीच्या यंत्रावर ती ठेवली होती, तिचे पत्र आले होते: तुमची वेबसाइट ज्या जुन्या आवृत्तीवर चालते, ती आम्ही बंद करीत आहोत, नवीवर या. नवीवर कसे जायचे, हे मला कोठे ठाऊक?

विद्यार्थ्याने फराळाची बशी बाजूला सारली आणि लॅपटॉप उघडला. "अर्ध्या तासाचं काम आहे, सर."

त्या अर्ध्या तासाचे दोन दिवस झाले. त्या दोन दिवसांत माझ्याच जेवणाच्या टेबलावर मला जे शिकायला मिळाले, ते आज वाचकांपुढे मांडीत आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले, सुना, जावई याच व्यवसायात आहेत. रात्री जेवण निवत ठेवून ती पडद्याकडे बघत नेमकी कशाशी झगडत असतात, हे घरच्या माणसांना थोडे कळावे, एवढाच हेतू.

एक भाषा, दोन घरे

कोणत्याही वेबसाइटीला दोन भाग असतात. एक ओसरी, दुसरे माजघर. ओसरी म्हणजे आपल्या फोनवर किंवा संगणकावर दिसणारे पान. ते ब्राउझरमध्ये चालते. माजघर म्हणजे दूर कोठेतरी असलेला सर्व्हर. तिथे माहितीची कोठारे असतात, हिशेब असतात, कुलपे असतात. ओसरीवर जावास्क्रिप्ट नावाची भाषा चाले. माजघरात पीएचपी, पायथॉन, रूबी, जावा अशा निरनिराळ्या भाषा नांदत.

जावास्क्रिप्टचा जन्म मोठा घाईचा. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात, नेटस्केप कंपनीत, तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत तयार केला. तिचे पाळण्यातले नाव मोका. मग लाइव्हस्क्रिप्ट झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जावास्क्रिप्ट. जावाशी तिचे नाते चंदनाशी चंदनबटव्याचे असावे तेवढेच. पानावर थोडी हालचाल आणावी, अर्ज भरताना रकाना रिकामा राहिला तर टोकावे, अशा किरकोळ कामांसाठी ती आली होती.

२००९ साली रायन डाल यांनी नोड नावाची व्यवस्था पुढे आणली आणि ओसरीवरची ही पोर माजघरातही वावरू लागली. आता एकच भाषा दोन्हीकडे चालणार! मग पुढचा विचार ओघानेच आला: दोन्ही घरे एकाच सांगाड्यात का बांधू नयेत? अशा सांगाड्याला फ्रेमवर्क म्हणतात आणि ओसरीपासून कोठारापर्यंत सगळे एकाच हाती देणाऱ्याला फुल-स्टॅक म्हणतात. २०१२ मध्ये मीटिऑर आले, २०१६ मध्ये नेक्स्ट. आणखीही कितीतरी आले.

यातला मोह खोटा नव्हता. एक भाषा शिकली की पुरे. एकटा मुलगा महिनाभरात सबंध वेबसाइट उभी करू शकतो. आमच्या विद्यार्थ्याने केली ती याच बळावर. चार भाषा शिकत बसला असता तर आमचे शब्द वह्यांतच राहिले असते. २०१३ साली पेपॅलसारख्या मोठ्या कंपनीनेही जावा सोडून नोडची वाट धरली होती. त्या काळी वीस-बावीस वर्षांच्या पोराने या वाटेने जावे, यात नवल ते काय?

आपल्या भाषेत याला मोट बांधणे म्हणतात. निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या की त्यांची मोट होते. आमचा संग्रह पाण्याच्या मोटेचा, आणि तो ठेवला होता या दुसऱ्या मोटेत.

उंबरठा पुसला गेला

पहिल्या दिवशी दुपारी विद्यार्थी आपलाच नऊ वर्षांपूर्वीचा मजकूर वाचत होता. मध्येच थांबून म्हणाला, "सर, ही ओळ ब्राउझरमध्ये चालते की सर्व्हरवर, हे माझं मलाच कळत नाहीये."

मला हे गमतीचे वाटले. त्याला वाटले नाही. ब्राउझरमध्ये पाठवलेला मजकूर म्हणजे उघडे पोस्टकार्ड, कोणीही वाचावे. सर्व्हरवरचा मजकूर म्हणजे पेटीतला दस्तऐवज. दोन भाषा होत्या तेव्हा नुसत्या लिपीवरूनच ओळखू येई की आपण ओसरीवर आहोत की माजघरात. आता दोन्हीकडे एकच बोली, एकच वळण, कित्येकदा एकच फाइल. पेटीत ठेवायची गोष्ट पोस्टकार्डावर लिहिली गेली, तरी हात थबकत नाही.

मीटिऑरच्या आरंभीच्या काळातले उदाहरण त्याने सांगितले. नवा प्रकल्प सुरू केला की दोन सोयी आपोआप चालू असत. एकीमुळे कोठारातली सारी माहिती प्रत्येक ब्राउझरला मिळे. दुसरीमुळे ब्राउझरमधून थेट कोठारात फेरफार करता येई. शिकणाऱ्याला हे सोपे जावे म्हणून होते आणि वेबसाइट लोकांसाठी खुली करण्यापूर्वी दोन्ही काढून टाका, अशी स्पष्ट सूचनाही होती. पण सूचना वाचायला उसंत कोणाला असते? एका सोयीचे तर नावच "इन्सिक्युअर", म्हणजे असुरक्षित, असे होते. इतका प्रामाणिक दुकानदार विरळाच. पण माल तोच विकत होता!

अलीकडची दोन उदाहरणे अधिक गंभीर आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये नेक्स्टमधली एक त्रुटी उघड झाली. आत येणाऱ्या प्रत्येक मागणीची दारात तपासणी करण्याची त्यात एक सोय आहे. एकच मागणी पुन्हा पुन्हा तपासली जाऊ नये म्हणून आतल्या आत एक खुणेची चिठ्ठी लावली जाई. ती चिठ्ठी बाहेरून येणाऱ्यानेच लिहून आणली तर? पहारेकरी तिला मान देई आणि न तपासता आत सोडी. स्वतःच्या सर्व्हरवर नेक्स्ट चालवणाऱ्या ज्यांनी सारी भिस्त त्या एका पहारेकऱ्यावर ठेवली होती, त्यांचे दार सताड उघडे होते. त्याच वर्षी डिसेंबरात रिॲक्टच्या सर्व्हरवर चालणाऱ्या भागात याहून मोठे भगदाड सापडले. ओळखदेख नसलेल्या माणसाला दुरून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. धोक्याच्या मापनात त्याला दहापैकी दहा गुण मिळाले. रिॲक्ट मुळात २०१३ साली ओसरीसाठी खुले झालेले साधन. ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये सहज ये-जा व्हावी म्हणून नवी वाट पाडली गेली, आणि त्याच वाटेने चोराला शिरता येईल असे दिसून आले.

"त्या आठवड्यात किती डेव्हलपरांच्या रात्री गेल्या असतील, तुम्हांला कल्पना नाही," विद्यार्थी नंतर एकदा फोनवर म्हणाला.

अकरा ओळींचा प्रताप

संध्याकाळी त्याने मला आमच्या वेबसाइटीचे सामान दाखवले. शब्दांची फाइल जेमतेम दोनशे किलोबाइटांची. तिच्याबरोबर आलेला लवाजमा दीडशे मेगाबाइटांच्या वर! नवरदेव एक, आणि वऱ्हाडाला तीन गावे पुरेनात.

हे वऱ्हाड म्हणजे पॅकेजे. डेव्हलपर प्रत्येक गोष्ट स्वतः लिहीत नाही. दुसऱ्याने लिहिलेले तुकडे एनपीएम नावाच्या सार्वजनिक कोठारातून आणतो. तो तुकडा आणखी दहा तुकडे मागतो, ते दहा आणखी शंभर. आपण पाहुणा बोलावतो एक. पंगतीला कोण कोण बसले आहे, हे यजमानालाही ठाऊक नसते.

याचा धडा जगाला २०१६ च्या मार्चमध्ये मिळाला. लेफ्ट-पॅड नावाचे एक पॅकेज होते. एखादा शब्द किंवा आकडा ठराविक रुंदीत बसावा म्हणून त्याच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्ये भरणे, एवढेच त्याचे काम. सगळा मिळून मजकूर अकरा ओळी. त्याच्या कर्त्याचा दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला. निकाल विरुद्ध गेला तेव्हा त्याने रागावून आपली सारी पॅकेजे काढून घेतली. त्यात या अकरा ओळीही गेल्या. आणि जगभरच्या हजारो प्रकल्पांची बांधणी अडून बसली. कारण मोठमोठ्या साधनांच्या पोटात कोठेतरी खोल त्या अकरा ओळी होत्या. एनपीएमला ते पॅकेज काही तासांत परत आणून ठेवावे लागले आणि पुढे पॅकेज काढून घेण्याचे नियमही बदलावे लागले. २०१७ साली ती सोय भाषेतच आली.

हा रुसवा होता, घात नव्हता. घात पुढे झाले. २०१८ साली एका लोकप्रिय पॅकेजच्या थकलेल्या कर्त्याने, मदतीला आलेल्या एका अनोळखी स्वयंसेवकाच्या हाती कारभार सोपवला. त्या सज्जनाने आत एक चोरकप्पा ठेवला. एका बिटकॉइन-पाकिटाच्या ग्राहकांचे धन लांबवण्याचा त्याचा बेत होता. २०२५ च्या सप्टेंबरात एका कर्त्याला एनपीएमच्या नावाने खोटी ईमेल आली आणि तो फसला. त्यातून अठरा पॅकेजांत विषारी मजकूर घातला गेला. ती पॅकेजे मिळून आठवड्याला दोनशे कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतली जात होती! त्याच महिन्यात शाई-हुलुद नावाचा एक किडा निघाला. तो एका कर्त्याच्या किल्ल्या चोरून त्याच्या दुसऱ्या पॅकेजांत आपण होऊन पसरत असे.

पॅकेजे सगळ्याच भाषांत असतात. पण जावास्क्रिप्टच्या पदरी सुरुवातीला स्वतःचे सामान थोडे होते. त्यामुळे लहानसहान गोष्टही बाहेरून आणायची सवय तिच्या मंडळींना लागली. आणि फुल-स्टॅक सांगाड्यात तीच सवय ओसरीबरोबर माजघरातही गेली. खुद्द रायन डाल यांनी २०१८ मध्ये बर्लिनला भाषण देऊन नोडमधल्या आपल्या पश्चात्तापांची यादी वाचून दाखवली, त्यांत पॅकेजांची ही व्यवस्था आणि सुरक्षेकडे झालेले दुर्लक्ष ही दोन्ही होती. एवढा मोकळा कबुलीजबाब साहित्यिकांतही सहसा ऐकू येत नाही.

ळ कोठे ठेवायचा?

रात्री जेवणानंतर आम्ही जुन्या यादीची छापील प्रत चाळत होतो. "अरे, काळी हा शब्द कावडीच्या आधी कसा?" मी विचारले. मराठी वर्णमालेत ळ येतो तो ह नंतर. कावड आधी, काळी नंतर, हे कोणताही कोश सांगेल.

विद्यार्थी ओशाळला. जावास्क्रिप्टला काही न सांगता यादी लावायला दिली, तर ती अक्षरांच्या संकेत-क्रमांकाप्रमाणे लावते. आणि त्या क्रमांकांत ळ हा ल च्या पाठोपाठ, व च्या आधी बसला आहे. मराठीप्रमाणे लाव, असे सांगण्याची सोय भाषेत आहे. ती त्याने वापरली नव्हती आणि मीही तेव्हा तपासले नव्हते. चूक दोघांची. तीच गत अक्षरे मोजण्याची. क्षेत्र या शब्दात आपण दोन अक्षरे मोजू. जावास्क्रिप्टला लांबी विचारा, ती सात सांगते. स्वर, हलन्त, व्यंजन असे सुटे सुटे मोजते. शब्दांची रुंदी त्या अकरा ओळींसारख्या युक्तीने जुळवायला गेले, तर देवनागरीची ओळ वाकडीच व्हायची. हा दोष काही एकट्या या भाषेचा नव्हे.

पण यातून त्याने एक गोष्ट सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटली. २०१९ च्या ऑक्टोबरात नोडची तेरावी आवृत्ती येईपर्यंत, नोडबरोबर नेहमीच्या बांधणीत भाषिक माहिती येई ती केवळ इंग्रजीची. ब्राउझरला मात्र पुष्कळ भाषा ठाऊक असत. म्हणजे, मराठीप्रमाणे लाव, अशी तीच एक ओळ ओसरीवर एक क्रम देई आणि माजघरात दुसरा! भाषा एक असली म्हणजे दोन्ही घरांचे ज्ञान एक असते, ही समजूतच चुकीची ठरली. नागपूर आणि मालवण येथे मराठीच बोलतात, म्हणून तिखटाचे मापही एकच असते काय?

एकटा वाढपी

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी विचारले, "मग मोठे, जड काम या नोडवर नीट होते का?"

त्याने खानावळीचा दाखला दिला. एका खानावळीत एकच वाढपी आहे, पण विलक्षण चपळ. एका टेबलाची मागणी स्वयंपाकघरात सांगतो, ती शिजेपर्यंत दुसऱ्या टेबलाकडे जातो, तिसऱ्याला पाणी देतो. नुसती ने-आण असेल तोवर हा एकटा पन्नास टेबले सांभाळतो. पण त्यालाच कोणी सांगितले, "बाबा रे, हे पोतेभर कांदे तेवढे चिरून दे," की सगळी खानावळ ताटकळली. नोडचे मुख्य काम असे एका धाग्यावर चालते. चॅट, निरोप, सतत बदलणारी पाने यांना ते उत्तम. मोठी आकडेमोड किंवा चित्रांवर प्रक्रिया आली, की वाढपी कांद्यात अडकतो. २०१८ पासून त्याच्या हाताखाली वेगळी माणसे देण्याची सोय झाली आहे. पण ती नेमायची, त्यांच्यात काम वाटायचे, हे सारे डेव्हलपरलाच करावे लागते.

आणि येथेच फुल-स्टॅक या शब्दाचा दुसरा अर्थ पुढे येतो. आचारी, वाढपी, भांडीवाला आणि गल्ल्यावरचा मालक या चौघांची कामे आता एकाच माणसाकडून हवी असतात. नोकरीच्या जाहिरातीत "फुल-स्टॅक" असे लिहिले की झाले. भाषा एकच आहे ना, मग माणूसही एकच पुरे, असा हिशेब. पण कोठाराची रचना हे वेगळे शास्त्र आहे. त्याचा पाया एडगर कॉड यांनी १९७० साली घातला. सुरक्षा हे वेगळे शास्त्र आहे. पान डोळ्यांना सुखद करणे हेही वेगळेच. एक भाषा येते म्हणून ही तिन्ही शास्त्रे येत नाहीत. मराठी येणाऱ्याला वैद्यकी येत नाही, ती का म्हणून?

दर दोन वर्षांनी पहिलीत

दुपारी त्याचा चेहरा उतरला. आमची वेबसाइट ज्या फ्रेमवर्कवर होती, त्याचे नाव मी येथे देत नाही. त्याच्या नव्या आवृत्तीपर्यंत जायला मधल्या चार पायऱ्या चढाव्या लागत होत्या आणि प्रत्येक पायरीवर काहीतरी मोडत होते. निम्म्या पॅकेजांचे कर्ते कधीच काम सोडून गेलेले.

"हे नेहमीचंच आहे, सर," तो म्हणाला आणि त्याने मला या धंद्यातल्या उलथापालथी सांगितल्या. गूगलचे अँग्युलर २०१० मध्ये आले. २०१६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली ती इतकी निराळी, की जुन्याचे नव्यात नुसते रूपांतर होईना. जुन्याचा सांभाळ २०२१ च्या अखेरीस थांबला. मीटिऑर २०१९ मध्ये दुसऱ्या मालकाकडे गेले. त्याच्या पोटात फायबर्स नावाची एक युक्ती होती. ती नोडच्या सोळाव्या आवृत्तीवर चालेना, म्हणून सारे घर चौदाव्या आवृत्तीवरच अडकून राहिले. चौदाव्याचा अधिकृत सांभाळ २०२३ च्या एप्रिलमध्ये संपला; मीटिऑरची तिसरी आवृत्ती आली २०२४ च्या जुलैत. मधला सव्वा वर्षाचा काळ चालकांनीच जुन्या नोडला ठिगळे लावून काढला. आणि नवी आली तेव्हा कोठाराशी बोलणारी जवळजवळ प्रत्येक ओळ डेव्हलपरांना बदलावी लागली. नेक्स्टने २०२३ मध्ये घराची मांडणीच बदलली. आणलेली माहिती आपण होऊन साठवून ठेवायची, असे तेव्हा ठरवले. लोक शिळी माहिती दिसते म्हणून वैतागले, तेव्हा २०२४ मध्ये ते उलट फिरवले. रीमिक्स नावाचे चांगले गाजलेले फ्रेमवर्क त्याच वर्षी रिॲक्ट राउटर नावाच्या दुसऱ्या साधनात विलीन झाले.

सगळे एकाच मोटेत बांधलेले असते, म्हणून एक दोरी कुजली की सगळी मोट सोडावी लागते. ओसरीचे वासे बदलायला जावे, तर माजघराचा पायाही उकरावा लागतो.

हे सांगता सांगता तो जरा थांबला. मग हळूच म्हणाला, "सर, मी आता तिशीच्या घरात आलो. तुम्ही ज्या कविता पहिल्या वर्षी शिकवायला घेतल्या, त्या आजही शिकवता आणि दर वर्षी तुम्हांला त्या अधिक कळतात. मला दर दोन वर्षांनी पुन्हा पहिलीत बसल्यासारखं वाटतं. माझ्याबरोबर पहिलीत बसलेली मुलं दर वेळी माझ्याहून लहान असतात."

यावर मी काय बोलणार? आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्या न बोलता चहाचे कप घेऊन आल्या आणि त्याच्यापुढे बेसनाचा लाडू ठेवला.

शब्द वाचवता येतील

संध्याकाळी दिवे लागताना त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "सर, ही वेबसाइट मी वाचवू शकत नाही. पण शब्द वाचवू शकेन."

कोठाराची एक प्रत त्याने शहाणपणाने २०१८ मध्येच मला ईमेलने पाठवून ठेवली होती. ती मी उघडलीही नव्हती. त्यातले शब्द, अर्थ, वाक्ये आणि सांगणाऱ्यांची नावे त्याने बाहेर काढली आणि त्यांची साधी एचटीएमएल पाने केली. शोधण्यासाठी चार-पाच ओळींची जावास्क्रिप्ट ठेवली. ती तिच्या मूळच्या घरी, ओसरीवर. माजघर ठेवलेच नाही. आमच्या संग्रहाला त्याची गरजच काय होती? शब्द रोज बदलत नव्हते, कोणी खाते उघडत नव्हते, पैशाचा व्यवहार नव्हता. टिम बर्नर्स-ली यांनी लिहिलेले जगातले पहिले वेबपान आजच्या ब्राउझरातही वाचता येते. कारण त्याला वऱ्हाड नाही. आमची पाने त्या जातीची झाली. यादी लावताना मी शेजारी बसून होतो. ळ ह नंतर गेला आणि काळी कावडीच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

मी त्याला विचारले, "मग तू पोरांना काय सांगशील? या वाटेने जाऊ नका म्हणून?"

"तसं कसं म्हणू? माझं घर त्यावर चालतं," तो हसला. मग विचार करून म्हणाला, "काम काय आहे ते आधी बघा, फ्रेमवर्क मागाहून. ज्या गोष्टी दर दोन वर्षांनी बदलत नाहीत, एचटीएमएल, कोठाराचं शास्त्र, नेटवर्क कसं चालतं ते, त्या पक्क्या करा. पॅकेज आणताना, कोणाला घरात घेतोय ते पाहा. आणि माहितीची साधी प्रत नेहमी वेगळी काढून ठेवा. सरांना ईमेलने पाठवली तरी चालेल."

तो गेल्यावर मी ती पाने फोनवर चाळत बसलो. नाडा या शब्दापाशी थांबलो. मोटेला दोन दोर असतात. नाडा जाड, तो वरच्या चाकावरून जातो आणि पाण्याने भरलेली मोट ओढतो. सोंदूर बारीक, तो खालच्या कण्यावरून जातो आणि मोटेची सोंड वर धरून ठेवतो, ती थारोळ्यावर येईपर्यंत. बाबांनी हे आम्हांला हातवारे करून समजावले होते. एका मुलाने तेव्हा विचारले, "बाबा, एकाच दोरानं दोन्ही कामं का करीत नव्हते?" बाबा हसले होते. "मंग पानी हिरीतच सांडंल की," असे त्यांचे उत्तर. मुलाने ते नाडा या शब्दाखाली उदाहरण म्हणून जसेच्या तसे लिहून घेतले होते.

वाक्याच्या शेवटी, बारीक अक्षरांत, बाबांचे नाव होते. ते दिसत होते. दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडले नसतानाही मी ती सारी पाने छापून घेतली, बांधून आणली आणि विभागाच्या कपाटात नेऊन ठेवली.